संकेतस्थळांची यंत्राकरवी अखंड पाहणी



शाळेचा दरवाजा उघडा आहे एवढे पाहून एखादा तपासनीस परत फिरला, तर त्याने शाळा तपासली असे कोणी म्हणणार नाही. संकेतस्थळांच्या बाबतीत मात्र दरवाजा पाहूनच समाधान मानण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी दिसतो. दर काही मिनिटांनी एक यंत्र दुसऱ्यास हाक मारते. तिकडून २०० हा संकेतांक आला की सर्व ठीक, अशी नोंद होते. या अंकाचा अर्थ मागणी पोचली व उत्तर धाडले, इतकाच. ‘माहिती जतन झाली नाही’ असे सांगणारे पानही कित्येकदा हाच अंक घेऊन येते!

याचे परिणाम केवढे होतात, हे अमेरिकेत दिसून आले. आरोग्यविम्याच्या नोंदणीसाठी तेथील सरकारने १ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘हेल्थकेअर.गव्ह’ हे संकेतस्थळ सुरू केले. लाखो लोक आले, पण बहुतेक जण खाते उघडण्याच्या पायरीवरच अडकले. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती अवघ्या सहा जणांची. पुढे दुरुस्तीस आलेल्या अभियंत्यांस असे आढळले की, संकेतस्थळाची प्रकृती एका दृष्टिक्षेपात दाखविणारा फलकच कोणी बसविलेला नव्हता. पाहणीने दोष बरे झाले नसते हे खरे. परंतु ते कोणत्या पायरीवर आहेत हे तरी कळले असते.

अशा पाहणीचे साधन म्हणजे ब्राउझर चालविणारी आज्ञावली होय. २००४ साली शिकागो येथे थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स यांनी ‘सेलेनियम’ची सुरुवात केली. २०१७ मध्ये ‘पपेटिअर’ व २०२० मध्ये ‘प्लेराइट’ ही साधने आली. मुळात ती नवे काम प्रसिद्ध करण्यापूर्वीच्या चाचणीसाठी होती; तीच घड्याळास जोडली की रात्रंदिवस पहारा करू लागतात.

समजा, विद्यार्थ्यांची माहिती भरावयाचे संकेतस्थळ आहे. आज्ञावली पान उघडते, लॉगिन करते, इयत्ता निवडते, नाव लिहिते, ‘जतन करा’ हे बटण दाबते. येथे थांबल्यास पाहणी फुकट गेली. तिने यादी पुन्हा उघडून ते नाव खरोखर तेथे आहे काय, हे पाहिले पाहिजे. नेमकी हीच पायरी वगळण्याचा मोह फार. प्रत्येक पायरीस लागलेला वेळ ती नोंदविते. काही चुकल्यास स्क्रीनशॉट घेते, पुन्हा एकदा प्रयत्न करते, आणि तोही फसला तरच अभियंत्यास उठविते. हा संयम आवश्यक आहे. कोणी बटणाचे नुसते नाव बदलले तरी बिचारी आज्ञावली अडखळते. आणि खोट्या हाकांनी चार रात्री जागा झालेला माणूस पाचव्या रात्री खऱ्या हाकेसही उठत नाही.

चाचणीसाठी भरलेले नाव खऱ्या पटात मिसळू नये, याची तजवीज आधी करावी लागते. ओटीपी व कॅप्चा यांपुढेही ती थांबते. कॅप्चा तर अशा आज्ञावलींना दूर ठेवण्यासाठीच असतो! त्याकरिता संकेतस्थळाच्या चालकांनाच निराळी वाट ठेवावी लागते.

आणखी एक उणीव अधिक गंभीर आहे. आज्ञावली बहुधा शहरातील भक्कम जोडणीच्या यंत्रावर राहते. तिला जे पान दोन सेकंदांत मिळते, ते गावातील जुन्या मोबाइलवर मिनिटभर उघडत नाही. यासाठी जोडणीचा वेग मुद्दाम कमी करून पाहणी करता येते, करणारे थोडे.

म्हणून यू-डायस प्लससारख्या ठिकाणी माहिती भरणाऱ्या शिक्षकाची तक्रार आजही मोलाची आहे. मात्र ‘साइट चालत नाही’ एवढ्याने अभियंत्यास काही उमगत नाही. किती वाजता, कोणत्या पानावर, कोणते बटण दाबल्यावर, कोणता संदेश आला, आणि नंतर यादीत नाव होते की नव्हते, हे स्क्रीनशॉटसह कळविले, तर तीच पायरी दुसऱ्या दिवशी आज्ञावलीत घालता येते.