बाहेर बसलेल्यांसाठी



बक्षिसं वाटून झाली आणि विजेत्यांचं कौतुक तुम्ही टाळ्यांनी केलंच आहे. मला बोलायचंय ते यंदा दुखापतीमुळे संघाबाहेर बसलेल्या मुलामुलींशी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. याच शहरातल्या खेळाडूंच्या पाठी, खांदे, गुडघे पाहण्यात माझा दिवस जातो. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे येणाऱ्या वेगवान गोलंदाजांची संख्या वाढते. सकाळी अकादमी, दुपारी लेदर बॉलचा सामना आणि रात्री लाइट लावून टेनिस बॉलची स्पर्धा, असं तीन ठिकाणी खेळणारा सोळा वर्षांचा मुलगा आत येतो आणि म्हणतो, "काही नाही सर, कंबर जराशी धरलीये." सोबत आलेल्या वडिलांचा एकच प्रश्न असतो, "रविवारी फायनल आहे. खेळेल ना?"

या वडिलांना मी आपल्याच भागातल्या माणसाची गोष्ट सांगतो. वैजापूर ओलांडून पुढे गेलं की श्रीरामपूर. तिथल्या झहीर खानने इंजिनिअरिंगचा विचार बाजूला ठेवला आणि तो क्रिकेटसाठी मुंबईला गेला. नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईकांच्या हाताखाली शिकला, मग चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली आणि टी. ए. शेखर यांच्याकडे. एवढं करूनही मुंबईच्या रणजी संघाचं दार उघडलं नाही, म्हणून तो बडोद्याकडून खेळला. २०००-०१ मध्ये बडोदा रणजी विजेता झाला. त्या अंतिम सामन्यात रेल्वेच्या दुसऱ्या डावात झहीरचे पाच बळी होते. तोवर भारताची टोपीही मिळालेली होती.

ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पुढची फार कुणी सांगत नाही.

२००३ च्या डिसेंबरमध्ये ब्रिस्बेन कसोटीत त्याने ऑस्ट्रेलियाचे पाच गडी बाद केले आणि त्याच दौऱ्यात मांडीमागचा स्नायू दुखावला. त्यानंतरची दोन-तीन वर्षं आत-बाहेर होण्यात गेली. शेवटी संघातली जागाही गेली. अशा वेळी माणूस एकतर चिडतो, नाहीतर खचतो. झहीर २००६ मध्ये इंग्लंडला वूस्टरशायर काउंटीकडून खेळायला गेला. तिथे टीव्हीचे कॅमेरे नाहीत, चाळीस हजारांची गर्दी नाही. चार दिवसांचा सामना, मग बस, मग दुसरं गाव. त्या एका हंगामात त्याने प्रथम श्रेणीचे ७८ बळी घेतले. धाव आखूड केली, चेंडू टाकतानाची उडी कमी केली. शरीराला कमी झिजवून फलंदाजाला जास्त त्रास कसा द्यायचा, हे तो तिथे शिकला. माझ्या मते झहीर खान नावाचा मोठा गोलंदाज त्या उन्हाळ्यात घडला. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजला त्याने नऊ बळी घेतले आणि १९८६ नंतर पहिल्यांदा भारताने इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. मधे टाच, खांदा, पुन्हा मांडी असं चालूच होतं. तरीही २०११ च्या विश्वचषकात त्याच्या नावावर २१ बळी होते. आणि त्याच वर्षी लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी तो लंगडत मैदानाबाहेर गेला. ३११ कसोटी बळींच्या आकड्यामागे असे किती परतीचे रस्ते आहेत ते मोजून पाहा.

आता आपल्या शहरातला माणूस. गोलंदाज इक्बाल सिद्दीकी इथेच जन्मला. महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षं रणजी खेळला आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटीत उतरला. त्याच सामन्यात आपल्या बीडचा संजय बांगरही पदार्पण करत होता. जिंकायला पाचच धावा हव्या होत्या, तेव्हा इक्बालला सलामीला पाठवलं आणि त्या पाचही धावा त्यानेच काढल्या. नंतर तो भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. काही लोक याला दुर्दैव म्हणतात. मला ते पटत नाही. प्रथम श्रेणीत तीनशेहून जास्त बळी घेणारा गोलंदाज या शहराने दिला, याचा आपल्याला उघड अभिमान हवा. रणजी ही काही वर जायची नुसती पायरी नाही. तिथे आयुष्य घालवणाऱ्या खेळाडूंवरच तर या देशाचं क्रिकेट उभं आहे.

तुमच्यापैकी काहीजण बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. २००८ मध्ये भारतात एक स्पर्धा झाली, सर्वांत वेगात चेंडू कोण फेकतो याची. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोघे त्यातून अमेरिकेला गेले. पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. तिथे मुख्य लीगच्या खाली मायनर लीगच्या अनेक पायऱ्या असतात आणि बहुतेक पोरं त्या पायऱ्यांवरच थांबतात. दिनेश दोन हंगामांत परतला. रिंकू चिकाटीने खेळत राहिला, पण दुखापतींनी त्याची पुढची वर्षं खाल्ली. मुख्य लीगपर्यंत दोघांपैकी कुणीच पोहोचलं नाही. त्यांच्यावर सिनेमा निघाला, पण तो करारापाशी संपतो. खरी कसोटी त्यानंतर होती.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरचं कोपर आणि आपल्या वेगवान गोलंदाजाची कंबर, दोन्हीकडे दुखण्याचं कारण एकच. तोच झटका, त्याच जागी, हजारो वेळा. कोवळ्या वयात कंबरेच्या मणक्यातलं हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. ओझं वाढलं की आधी हाडाला सूज येते, मग केसासारखी चीर पडते. साध्या एक्स-रेमध्ये ती पुष्कळदा दिसत नाही, आणि स्प्रे मारून, पट्टा बांधून मुलगा खेळत राहतो. सुरुवातीला सांगितलं असतं तर काही आठवड्यांत भागलं असतं. चीर पडल्यावर महिनेच्या महिने जातात.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे संपलं, असंही नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध बसवला. तो पुन्हा खेळेल याची खुद्द डॉक्टरांनाही फारशी आशा नव्हती. १९७५ चा अख्खा हंगाम तो बाहेर होता. परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. पण त्याच देशाने पुढे हेही ओळखलं की मुलांना शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जाऊच द्यायला नको. तिथल्या बेसबॉलच्या नियमावलीत तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू आहेत, आणि ६५ च्या वर गेला तर चार दिवस पिचिंग बंद.

आपल्याकडे फलंदाजाच्या धावा वहीत असतात, गोलंदाजाचे बळी असतात. त्या पोराने आठवड्यात एकूण किती चेंडू टाकले, हे कुणाकडेच नसतं. कारण अकादमीच्या सरांना कॉलेजचा सामना माहीत नसतो आणि कॉलेजच्या सरांना रात्रीची टेनिस बॉल स्पर्धा.

म्हणून क्रीडाशिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. उद्यापासून प्रत्येक गोलंदाजाच्या नावाची एक वही करा. सराव, सामना, गल्लीतली स्पर्धा, सगळे चेंडू त्यात मुलांकडूनच लिहून घ्या. पालकांनो, "रविवारी खेळेल का" हे विचारण्याआधी "दुखतंय कुठे आणि कधीपासून" एवढं पोराला विचारा. आणि मित्रांनो, दुखलं तर त्याच दिवशी सांगा. संघातली जागा जाईल या भीतीने लपवू नका. महाविद्यालयाची परवानगी असेल तर महिन्यातून एका शनिवारी सकाळी मी तुमच्या मैदानावर येईन. कुणाकडूनही फी घेणार नाही. येताना वही आणा.