छपाईत रंग का हलतो?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. माझ्यासारख्याने यंत्राविषयी बोलावे, हे पुष्कळांस धाडसाचे वाटेल. परंतु निवृत्तीनंतर पुतण्याच्या छापखान्यात मुद्रिते तपासण्याच्या निमित्ताने मी रोज जाऊन बसू लागलो. तेथे मला उतारवयात एक धडा मिळाला. आपले काही तरुण या धंद्यात आहेत, त्यांच्या तो उपयोगी पडावा म्हणून मी येथे उभा आहे.

रंगीत चित्र वस्तुतः चारच शायांचे असते: पिवळी, गुलाबी छटेची लाल, निळी आणि काळी. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी. या चारही प्लेटांचे ठसे एकमेकांवर अचूक पडले म्हणजे चित्र सजीव दिसते. एखादा ठसा केसभर जरी सरकला तरी ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो आणि अक्षरांना दुहेरी कडा येतात. यालाच कारखान्यात ‘रजिस्टर हलले’ असे म्हणतात. ही अडचण आजची नव्हे. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत शिळाछाप छापखाना काढला, तेव्हा प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागत असे. आपल्या आजोळी भिंतीवर असणाऱ्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींमागे ही जुळणीची मेहनत होती.

आता मूळ प्रसंगाकडे वळतो. 2019 सालचा पावसाळा आपणां सर्वांच्या स्मरणात असेलच. त्या श्रावणात आमच्याकडे एका विद्यार्थी वसतिगृहाच्या अहवालाचे मुखपृष्ठ छापावयास आले होते. त्यावर वसतिगृहास देणगी देणाऱ्या एका दिवंगत वृद्धेचे रंगीत छायाचित्र होते. आमचे यंत्र एकरंगी. म्हणजे प्रत्येक ताव चार वेळा यंत्रातून काढावा लागे. पहिल्या दिवशी पिवळा व लाल रंग निघाले. दोन दिवस वीज नव्हती. मग निळा व काळा छापला, आणि पाहतो तो त्या माउलीच्या चेहऱ्याला जणू दोन चेहरे! सर्व ताव रद्दीत गेले. पुतण्या संतापला. मशीनमन हा माझाच जुना विद्यार्थी. कागदाचे पैसे त्याच्या पगारातून कापावयाचे आणि त्याला कामावरून काढावयाचे, असे ठरले. त्या मुलाने तोंडातून अवाक्षर काढले नाही.

मी पुतण्यास म्हटले, “आठ दिवस थांब. आधी आपण तावालाच विचारू.”

प्रत्येक तावाच्या कडेला जुळणीच्या फुल्या छापलेल्या असतात. त्या भिंगाखाली पाहिल्या म्हणजे दोष कोठे आहे ते कळू लागते. शे-दोनशे तावांत फरक अगदी एकसारखा असेल, तर प्लेट तिरकी बसली आहे किंवा मुळातच चुकीची तयार झाली आहे, असे समजावे. फरक प्रत्येक तावाला निराळा पडत असेल, तर ताव यंत्रात शिरताना हलतो आहे. अशा वेळी तावाची पुढची कड ज्यांना टेकते ते ‘फ्रंट ले’, बाजूचा ‘साईड ले’ आणि ताव पकडणारे ग्रिपर तपासावेत. आम्ही आणखी एक परीक्षा केली. तीच प्लेट ठेवून तेच पन्नास ताव त्याच क्रमाने लागोपाठ दोनदा यंत्रातून काढले. दुसरा ठसा पहिल्यावर तंतोतंत बसला. यंत्र निर्दोष ठरले.

मग रद्दीतले ताव पुन्हा पाहिले. पिवळ्याशी लाल जुळत होता. निळ्याशी काळाही जुळत होता. परंतु या दोन जोड्या मात्र एकमेकींशी जुळत नव्हत्या. ज्या कोपऱ्यात ताव दोन्ही अडणींना टेकतो, तेथे फुल्या बरोबर होत्या; समोरच्या कोपऱ्याकडे जावे तसतसा फरक वाढत होता. थप्पीच्या मधल्या तावांत तो कमी, वरच्या तावांत जास्त. याचा अर्थ एकच, की दुसऱ्या व तिसऱ्या रंगाच्या दरम्यान कागद वाढला होता. कागद हवेतील ओलावा पितो आणि फुगतो, तंतूंच्या आडव्या दिशेस तर अधिकच. पूर्वी छापलेले चित्र कागदाबरोबर मोठे झाले, नवी प्लेट मात्र होती तेवढीच राहिली.

पण मशीनमनने थप्पीवर प्लॅस्टिक घातले होते, हे मला पक्के आठवत होते. मग ते काढले कोणी?

बंधूंनो, ते मी काढले होते. ग्राहकास नमुना दाखवावा म्हणून मी वरचे पाच-सात ताव घेतले आणि प्लॅस्टिक पुन्हा घालावयास विसरलो. थप्पी दोन रात्री उघड्या खिडकीपाशी पडून होती. मशीनमनला हे ठाऊक होते. गुरुजींचे नाव कसे घ्यावयाचे, म्हणून तो गप्प राहिला होता.

मी सर्वांसमक्ष चूक कबूल केली आणि कागदाचे पैसे भरले. नवा कागद वेष्टन न काढता दोन दिवस यंत्राच्या खोलीतच ठेवला, म्हणजे त्याचे तापमान खोलीशी जुळले. तंतूंची दिशा रुळाच्या लांबीशी समांतर राहील असा तो लावला; कारण मग कागद वाढला तरी ती वाढ मुख्यतः रुळाच्या फेऱ्याच्या दिशेने होते आणि प्लेट व ब्लँकेटखालील अस्तर कमीजास्त करून ती काही अंशी सावरता येते. प्लेटवरचे पाणी लागेल तेवढेच ठेवले. प्रत्येक रंगानंतर थप्पी झाकली आणि चारही रंग खंड न पाडता काढले. मुखपृष्ठ उत्तम निघाले. तो मुलगा आजही त्याच यंत्रावर आहे.

1904 साली अमेरिकेत आयरा रूबेल या मुद्रकाच्या यंत्रात ताव जावयाचा राहिला, ठसा रबरावर उमटला आणि पुढच्या तावाच्या पाठीवर तो अधिक स्वच्छ निघाला. त्या चुकीकडे त्याने बारकाईने पाहिले, म्हणून कागदावर छापणारे ऑफसेटचे यंत्र जन्मास आले. चूक घडली की आपण प्रथम माणूस शोधतो, आणि तोही बहुधा सर्वांत दुबळा. त्याऐवजी प्रथम खूण शोधावी. एकसारखे काय आहे, बदलते काय आहे, आणि फरक कोठून सुरू होतो, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर आपल्याच दाराशी येऊन थांबले, तर ते मान खाली घालून स्वीकारावे. चाळीस वर्षे मी मुलांना खरे बोलावयास शिकविले. पण माझ्या धाकाने एक मुलगा खरे बोलू शकला नाही, ही बोच माझ्या मनात अद्याप आहे. जे आज मालक आहेत, वडील आहेत, त्यांनी आपल्या हाताखालच्यांस बोलण्याची मोकळीक द्यावी, एवढीच प्रार्थना.