किट-कॅट मापाचं व्यक्तिचित्र

चित्रकारांच्या बोलीत ‘किट-कॅट’ म्हणजे चॉकलेट नव्हे, ते व्यक्तिचित्राचं माप आहे. उंची ३६ इंच, रुंदी २८. डोकं, खांदे आणि एखादा हात एवढंच त्यात मावतं. कमरेपर्यंतची अर्धाकृती याहून मोठी. हे नाव आलं लंडनच्या किट-कॅट क्लबवरून. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या सभासदांची चित्रं गॉडफ्रे नेलर यांनी प्रकाशक जेकब टॉन्सन यांच्यासाठी रंगवली. क्लबचं नाव म्हणे ख्रिस्तोफर कॅट या खानावळवाल्याच्या मटण-पाईवरून पडलं! हात दिसला की चेहराही बोलका होतो, म्हणून नुसत्या छातीपर्यंतच्या चित्रापेक्षा हे माप सरस. नेलर यांची ही चित्रं आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात आहेत.