बंद खोलीची किल्ली
(शिरोळ येथील भाषण)



शार्ल पेरोच्या १६९७ च्या 'निळी दाढी' या कथेत नवऱ्याने मना केलेली खोली बायको उघडते. आत आधीच्या बायकांची प्रेते! भाऊ तिला सोडवतात. तात्पर्य मात्र तिच्याच कुतूहलाला दोष देते.

१९७९ साली अँजेला कार्टरने ही कथा नव्याने लिहिली. तिच्यात धावून येते ती आई. परंतु नवऱ्याने कपाळी उमटवलेला रक्ताचा डाग तो मेल्यावरही जात नाही.

आपल्याकडे नवरा मेला की बाईचे कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात. कपाळ तिचे, हुकूम रूढीचा! याच तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पण कुंकू पुसणारा हात बहुधा बाईचाच असतो. तो हात आईने धरला, तरच ठराव खरा.