पार्सली उगवायला वेळ घेते

कुंडीत पार्सली लावून पाहिलेल्या पुष्कळांची तक्रार एकच असते, बी उगवलंच नाही. बहुतेक वेळा बी चांगलं असतं, आपणच पंधराव्या दिवशी माती उकरून बघतो. धने आठ-दहा दिवसांत वर येतात. पार्सली कोथिंबिरीच्याच कुळातली, पण तिला तीन, कधी कधी चार आठवडे लागतात. तिच्या बियांच्या सालीत उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. ती धुऊन गेली की कोंबाची वाट मोकळी होते.

म्हणून बी रात्रभर कोमट पाण्यात भिजत घाला आणि सकाळी ते पाणी फेकून द्या. पाकिटावरची तारीख मात्र आधी बघा, जुन्या बियांची उगवण फार घटते. बियांवर गुलाबी रंग चढवलेला दिसला तर ते बुरशीनाशक असतं. घरच्या कुंडीसाठी असं बी मी घेऊ देणार नाही.

आपल्याकडे पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. उन्हाळ्याच्या तोंडावर पेरलं तर रोपं तग धरत नाहीत. पार्सलीला सोटमूळ असतं, त्यामुळे कुंडी निदान आठ ते दहा इंच खोल हवी आणि बी थेट तिच्यातच पेरावं. रोप उपटून दुसरीकडे लावणं तिला मानवत नाही. पोयटा माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडं कोकोपीट एकत्र करा. बी जेमतेम अर्धा सेंटीमीटर मातीखाली जाऊ द्या आणि वर ओलं गोणपाट अंथरा.

आता खरी कसोटी. महिनाभर माती एकदाही सुकू द्यायची नाही, चिखलही करायचा नाही. झारीनं हलकं पाणी द्या आणि रोज गोणपाट उचलून बघा. पहिला कोंब दिसला की ते त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर कोंब पिवळे पडून लांबतात. पहिली दोन पानं अरुंद, लांबट आणि साधी असतात. ती गवत समजून उपटू नका, कातरलेल्या कडांचं ओळखीचं पान त्यानंतर येतं. रोपं चार बोटं उंच झाली की दाटी कमी करा, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. कोवळ्या पानांच्या मागे मावा दिसला तर पाण्याची जोरदार फवारणी करून तो धुऊन काढा.

काढणी करताना शेंडा खुडू नका. बाहेरचे जून देठ तळाशी कापा, मधला कोंब राखा, म्हणजे फूट येत राहते. मार्चपासून कुंडी दुपारच्या उन्हातून हलवा.

रक्त पातळ करण्याचं वॉरफरिनसारखं औषध चालू असेल, तर पार्सली रोजच्या जेवणात घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण तिच्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं. बाकीच्यांनी यंदा ऑक्टोबरअखेर एक कुंडी जरूर पेरावी. जानेवारीच्या उत्तरार्धात पहिली पानं कापता येतील.