उभ्या मोटारीची धांव

चौकांतील तांबडा दिवा लागतो, मोटार थांबते, चालक गिअर सोडून पेडलवरचा पाय काढतो. तरी इंजिनाचा स्वर कांहीं खालीं येत नाहीं. गाडी उभी, पण इंजिन मात्र घाट चढत असल्यासारखें गुरगुरत राहतें. जुनी मोटार जपणाऱ्या घरांना हा प्रकार नवा नाहीं. मिस्त्री मंडळी त्याला 'गाडी रेस धरते' असें म्हणतात. यावर सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे कार्ब्युरेटरवरील लहानसा स्क्रू थोडा सैल करणें. आवाज उतरतो, मालक समाधान पावतो आणि दोष जेथल्या तेथें राहतो. ताप उतरला म्हणजे रोग गेला असें नव्हे, हा वैद्यकाचा नियम यंत्रांनाहि तितकाच लागू आहे.

उदाहरणादाखल 'पद्मिनी' गाडी घ्यावी. फिआट ११०० या इटालियन मोटारीचा हा भारतीय अवतार मुंबईंत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यांत तयार होत असे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमधून ती ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. तथापि वडिलांची आठवण म्हणून सांभाळलेली पद्मिनी अजूनहि एखाद्या दारीं उभी दिसते. १०८९ घन सेंटिमीटरच्या तिच्या चार सिलिंडरांच्या इंजिनांत संगणक नाहीं. त्यामुळें तिचें दुखणें डोळ्यांनीं, कानांनीं आणि बोटांनीं ओळखतां येतें.

प्रथम इंजिनाचें श्वसन समजून घेतलें पाहिजे. कार्ब्युरेटरचा घसा मध्यें अरुंद असतो. तेथून वाहणाऱ्या हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या कमी दाबामुळें पेट्रोल बारीक छिद्रांतून ओढलें जातें. जिओव्हानी बातिस्ता व्हेंतुरी (१७४६–१८२२) या इटालियन शास्त्रज्ञाचें नांव अशा अरुंद घशाला मिळालें आहे. या घशाखालीं एक फिरती चकती असते. तिला थ्रॉटल म्हणतात. पाय दाबला कीं ती उघडते, पाय काढला कीं जवळजवळ मिटते. मग इंजिन उरलेल्या फटींतून आणि एका सूक्ष्म मार्गानें जेमतेम श्वास घेतें व मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत शांत फिरत राहतें. तेंच १,५०० फेऱ्यांवर गेलें, तर विचारावयाचा प्रश्न हाच कीं, पायानें न मागितलेली हवा कोणत्या दारानें आंत येत आहे?

शोध घेण्यापूर्वीं गाडी मोकळ्या हवेंत, सपाट जागीं उभी करावी. बंद गॅरेजमध्यें इंजिन चालू ठेवणें म्हणजे कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला आमंत्रण देणें होय. त्याला वास नाहीं व रंगहि नाहीं. हातब्रेक ओढावा, गिअर सोडलेला असावा, आणि ओढणी, पदर वा सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी. जवळ कोणी विडी-सिगारेट पेटवूं नये.

पहिलें दार चोकचें. थंड इंजिनासाठीं चोक ओढला म्हणजे त्याच्या जोडणीनें थ्रॉटलहि किंचित् उघडतें. तेव्हां सकाळीं पहिलीं कांहीं मिनिटें वेग अधिक असणें हा दोष नव्हे. इंजिन तापल्यावर आणि बटण पूर्ण आंत ढकलल्यावरहि वेग उतरला नाहीं, तरच शंका घ्यावी. बटण आंत गेलें म्हणजे केबलचें दुसरें टोकहि परतलें असें समजूं नये. बॉनेट उघडून तें प्रत्यक्ष पाहावें.

दुसरें दार पेडलचें. पुष्कळदां पायाखालची रबरी चटईच सरकून पेडलला अडते. तसें नसल्यास इंजिन बंद करून, घरांतील दुसऱ्या कोणास पेडल दाबून सोडावयास सांगावें आणि थ्रॉटलचा दांडा आपल्या जागीं झटकन परततो कीं नाहीं तें पाहावें. परत ओढणारी स्प्रिंग ढिली झालेली असते, केबल गंजलेली असते किंवा दांड्याच्या मुळाशीं तेलकट मळ सांचलेला असतो. मग इंजिन चालू करून तो दांडा बोटानें हळूच मिटण्याच्या दिशेला दाबावा. वेग उतरला, तर दोष जोडणींतच आहे. सफाई, वंगण वा नवी स्प्रिंग एवढ्यानें काम भागतें. वेग उतरला नाहीं, तर हवा अन्य वाटेनें येत आहे.

तिसरें दार चोरवाटेचें. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधील पॅकिंग वाळून तडकतें, रबरी नळीला चीर जाते, थ्रॉटलचा दांडा वर्षानुवर्षें फिरून आपलें भोंक मोठें करतो. अशा फटींतून शिरलेल्या हवेबरोबर पेट्रोल येत नाहीं. मिश्रण विरळ होतें, इंजिन अधिक तापतें आणि असें दीर्घकाळ चालल्यास व्हॉल्व्ह जळण्याची भीति असते. केवळ स्क्रू फिरवून आवाज लपविणें महागांत पडतें तें येथें. कान दिल्यास बारीक फुसफुस ऐकूं येते. संशयाच्या सांध्यावर बारीक ब्रशनें साबणाचें पाणी लावावें. पाण्यानें फट बुजतांच इंजिनाचा स्वर क्षणभर बदलला, तर चोर सांपडला. यासाठीं पेट्रोल कदापि शिंपडूं नये, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पाणीहि पडूं देऊं नये.

हीं तिन्ही दारें निर्दोष ठरलीं, तर ठिणगीकडे वळावें. डेल्कोमधील पॉइंट नुकतेच बदलले असतील आणि ठिणगी वाजवीपेक्षां लवकर पडत असेल, तर हवा तितकीच असूनहि फेरे वाढतात. टायमिंग तपासण्याचें हें काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडे सोंपवावें. इतकें झाल्यावर अखेरीस तो स्क्रू. आणि त्यालाहि हात लावण्यापूर्वीं तो कोठें होता याची खूण करून ठेवावी.

एवढा खटाटोप केवळ पेट्रोलच्या काटकसरीसाठीं नाहीं. खंडाळ्याचा घाट उतरतांना चालक खालचा गिअर टाकून इंजिनाच्या अडवणुकीवर विसंबतो. थ्रॉटल उघडें अडकलें असेल, तर इंजिन अडविण्याऐवजीं ढकलूं लागतें. सारा भार ब्रेकवर पडतो, आणि जुने ड्रम ब्रेक तापले कीं त्यांची पकड कमी होते. चालत्या गाडींत असा प्रसंग आलाच, तर क्लच व ब्रेक दाबावा, गिअर सोडावा, गाडी कडेला घेऊन पूर्ण थांबवावी आणि मगच चावी फिरवावी. धांवत्या गाडींत चावी काढल्यास स्टिअरिंग अडकूं शकतें.

जुनें यंत्र दोष लपवीत नाहीं. तें आवाज देऊन सांगत असतें. स्क्रू फिरवून त्याचें तोंड बंद करण्यापूर्वीं तें काय सांगतें आहे, हें ऐकून घेणें शहाणपणाचें.