श्रेयाचा हिशेब नंतर करू



पुण्यात वाद घालायला कारण लागत नाही. काही वर्षांपूर्वी पदवी घेताना डोक्यावर पुणेरी पगडी हवी की फुले पगडी, यावरूनसुद्धा इथे रण माजलं होतं. तेव्हा ‘पक्षाआधी देश’ हा माझा विषय ऐकून मंडपात काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर ती मला रास्त वाटते. हे शब्द आपण बहुधा सत्तेवर बसलेल्यांच्या तोंडून ऐकतो आणि त्यांचा अर्थ बहुधा ‘तुम्ही जरा गप्प बसा’ एवढाच असतो. अडचणीच्या काळात विरोधकांनी गप्प बसावं असं माझं म्हणणं नाही. उलट अशा काळात त्यांनी जास्त बोलावं. मला बोलायचं आहे ते श्रेयाबद्दल. चांगल्या कामाचं श्रेय दुसऱ्या पक्षाला जाईल हे दिसत असतानाही ते काम होऊ द्यायचं की नाही, देशप्रेमाची खरी परीक्षा मला तिथे दिसते.

आपल्या राज्याने ही परीक्षा एकदा बऱ्यापैकी चांगल्या गुणांनी पास केली आहे. ती गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाची.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी जे मराठवाड्यातून, सोलापुरातून, नगर-सांगलीच्या कोरडवाहू पट्ट्यातून आले आहेत, त्यांनी आज घरी फोन कराल तेव्हा आजीला ‘मिलो’ म्हणजे काय ते विचारा. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी रेशनवर मिळायची. तिची भाकरी कुणालाच गोड लागली नाही, पण दुसरं होतं काय? १९७० ते १९७३ या काळात पावसाने पुन्हा पुन्हा दगा दिला. विहिरी आटल्या, जनावरं मातीमोल भावाने गेली आणि चार एकरांचा मालक आणि त्याचा सालगडी एकाच रस्त्यावर खडी फोडायला बसले. मुकादम मस्टरवर नावं घ्यायचा. ओव्हरसियर टेप टाकून खडीचे ढीग मापायचा आणि ब्रासच्या हिशेबाने मजुरी निघायची. माप कमी भरलं की आठवडाभराच्या घामाला कात्री. कामावर खायला सुकडी वाटली जायची, तिच्यासाठी पोरं रांगेत उभी असायची. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे पाच कोटी भरली होती. म्हणजे दर दहा माणसांतलं एक माणूस रस्ते, नालाबांध आणि पाझर तलावांच्या कामांवर राबत होतं.

मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. याच वसंतरावांनी १९६५ मध्ये शनिवारवाड्यासमोर जाहीर केलं होतं की, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या. बहात्तर साली विरोधकांच्या हाती यापेक्षा आयतं कोलीत कोणतं असणार? आणि विरोधक काही मऊ नव्हते. सप्टेंबर १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. या तिन्ही पक्षांचं आपसात पटायचं नाही हे सर्वांना ठाऊक होतं. पण तेल, साखर आणि रॉकेल मिळेना तेव्हा या बायका एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी लाटणी-थाळ्या वाजवत सरकारच्या दारात गेल्या. तुम्ही संकटात राजकारण करता, असं त्यांना कुणी सुनावलं असेलही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही हे बरंच झालं, कारण त्या मोर्च्यांत राजकारण होतं आणि ते चांगलं राजकारण होतं.

आता दुसरी बाजू. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे मूळचे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, काँग्रेसचे, वृत्तीने गांधीवादी. मागेल त्याला गावाजवळ काम मिळालं पाहिजे आणि तो त्याचा हक्क असला पाहिजे, ही कल्पना त्यांनी साठच्या दशकातच मांडली होती आणि विसापूरच्या परिसरात तिचा प्रयोगही झाला होता. इकडे पुण्यात, गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. ग्रामीण भागातली चाळीस टक्के आणि शहरांतली पन्नास टक्के माणसं पोटापुरत्या खर्चाच्या रेषेखाली आहेत, असं त्यांचं अनुमान होतं. जमिनीच्या फेरवाटपाने हा प्रश्न पुरता सुटणार नाही, सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी द्यावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. अर्थशास्त्रज्ञांनी सांगितलेलं सरकारने ऐकलं असं सहसा होत नाही. तसा दावा मीही करणार नाही. पण एक सभापती आणि दोन प्राध्यापक वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले होते आणि दुष्काळाने बाकीच्यांनाही तिथे ओढत आणलं.

पुढचा क्रम नीट पाहा. १ मे १९७२ ला रोजगार हमी योजना सुरू झाली तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक. तिच्या पैशांची सोय करण्यासाठी नवा कर आला १९७५ मध्ये, तेव्हा शंकरराव चव्हाण. कायदा मंजूर झाला १९७७ मध्ये, तेव्हा वसंतदादा पाटील. तो अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला, तेव्हा पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, शरद पवार, ज्यांनी वसंतदादांचंच सरकार पाडलं होतं. चार मुख्यमंत्री आणि मधे आणीबाणी. १९७७ चं साल डोळ्यांपुढे आणा. लोकसभेत काँग्रेसचं पानिपत झालेलं. विरोधी पक्षांतले कितीतरी लोक नुकतेच तुरुंगातून सुटलेले, आणि ज्यांच्या पक्षाने आपल्याला आत टाकलं तेच समोर सत्तेवर बसलेले. विधानसभेची निवडणूक तोंडावर, फेब्रुवारी १९७८ मध्ये. अशा वेळी कोट्यवधी ग्रामीण मतदारांना खूश करणारं विधेयक सत्ताधारी आणतात आणि ते दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर होतं. ते अडवणं, लांबवणं, फाटे फोडणं सहज शक्य होतं. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारभत्ता द्यावा लागेल, इतकं स्वतःच्या सरकारला बांधून घेणारं कलम त्या कायद्यात होतं. उद्या सत्ता आपल्याकडे आली तर ही धोंड आपल्याच गळ्यात पडेल, हे विरोधकांना कळत नव्हतं असं समजू नका. पुलोद सरकारने मागच्यांचं म्हणून ते बाजूलाही सारलं नाही, अंमलात आणलं.

योजना सोन्यासारखी होती असं सांगायला मी आलेलो नाही. ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही, अर्धे आम्ही’ ही म्हण गावोगाव उगाच रुजली नाही. खोटी मस्टरं होती, बेकारभत्ता हातात पडणं तर दुर्मीळच. गोखले इन्स्टिट्यूटच्याच कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी या योजनेची पाहणी करून १९८० मध्ये तिचं बरंवाईट प्रसिद्ध केलं. मजुरांच्या संघटना मोर्चे काढत राहिल्या. विधिमंडळात सर्वपक्षीय समिती बसली, आमदार कामांवर जाऊन मस्टर तपासू लागले. म्हणजे एकमताने कायदा झाल्यावरही भांडण थांबलं नाही. भांडण कायदा नीट राबवण्यासाठी होऊ लागलं. २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला, तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

१९९१ चं उदाहरण थोडक्यात सांगतो. परकीय चलन संपत आलं तेव्हा मे महिन्यात चंद्रशेखर सरकारच्या काळात २० टन सोनं परदेशी विकलं गेलं, यशवंत सिन्हा अर्थमंत्री होते. जूनमध्ये सरकार बदललं. रामटेकमधून दोनदा खासदार झालेले नरसिंह राव पंतप्रधान झाले, मनमोहन सिंग अर्थमंत्री. जुलैमध्ये आणखी सुमारे ४७ टन सोनं गहाण गेलं. घरातलं सोनं गहाण टाकणं म्हणजे आपल्याकडे अब्रूचा प्रश्न. नव्या सरकारला मागच्यांच्या नावाने खडे फोडत वेळ काढता आला असता. त्यांनी तोच अप्रिय रस्ता पुढे चालू ठेवला.

आणि याच्या उलट उदाहरण हवं असेल तर वस्तू व सेवा कराचं घ्या. २००६ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली, १ एप्रिल २०१० ही तारीख ठरली. तेव्हा भाजपची राज्यं आडवी आली. पुढे सत्ता पालटली, तर आणायला निघाला भाजप आणि अडवायला बसली काँग्रेस. कर लागू झाला १ जुलै २०१७ ला. काही आक्षेप खरे होते, विशेषतः राज्यांच्या भरपाईचे. पण खुर्च्यांची अदलाबदल झाल्याबरोबर मतांचीही अदलाबदल व्हावी, याला तत्त्व म्हणायचं धाडस मला होत नाही.

आपल्या शहरात तर श्रेयवादाचा मुक्काम चौकाचौकात आहे. रस्त्यावरचा खड्डा बुजला तरी दोन फ्लेक्स लागतात, एकावर हे, दुसऱ्यावर ते, आणि दोन्हींमुळे सिग्नल दिसत नाही.

तुमच्यातले काही जण राजकारणात जातील. जरूर जा. पक्ष म्हणजे काही घाण नव्हे. पक्ष नसते तर पागेंची कल्पना तासगावातच राहिली असती. पण महागाईचा किंवा बेकारीचा एखादा आकडा समोर आला की तो कुणाच्या काळातला हे पाहण्याआधी आपलं मत ठरवून कागदावर लिहून ठेवायची सवय लावून घ्या. मग काळ पाहा. मत बदलावंसं वाटलं तर का वाटलं, ते ज्याचं त्याने तपासावं.

बाकीचे बरेच जण हिंजवडीला, खराडीला, मगरपट्ट्यात नोकरीला लागाल. पहिल्या पगाराच्या स्लिपवर ‘प्रोफेशन टॅक्स’ म्हणून महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतील. मुलींना २५,००० पर्यंतच्या पगारावर माफी आहे. तोच हा १९७५ चा कर. खडी फोडणाऱ्यांच्या मजुरीसाठी शहरातल्या पगारदारांवर बसवलेला, आणि कायद्याप्रमाणे जेवढा गोळा होईल तेवढीच भर सरकारनेही घालायची असा. महागाईने पोळलेल्या दिवसांत तो लावणं कोणत्याच पक्षाला मतं मिळवून देणारं नव्हतं. नंतर इतकी सरकारं आली आणि गेली, पण तो कुणी काढला नाही. फेब्रुवारीत २०० च्या जागी ३०० कापलेले दिसले, तर चूक झाली म्हणून एचआरला मेल टाकू नका. वर्षाचे २,५०० पुरे करायला तसं करतात.